राजाने न दिलेली सावली

"पण असली अद्भुत गोष्ट तुम्ही कशाला लिहिलीत?" वामनरावांनी चष्मा काढून विचारले.

यवतमाळच्या त्यांच्या छापखान्यात यंत्र धडधडत होते. देवराव बाकाच्या अगदी टोकाला बसला होता. राजूरच्या कोळसा खाणीत तो दिवे सांभाळायचा. खाली उतरणाऱ्याला दिवा पुसून, तपासून द्यायचा आणि पाळी संपली की परत घ्यायचा. त्यातून वेळ काढून त्याने एक कादंबरी लिहिली होती. वामनराव नव्या लेखकाचेही वाचतात असे ऐकून त्याने ती त्यांच्याकडे ठेवली, आणि आज त्यांनी बोलावले होते.

"तुम्हाला म्हणायचं काय आहे, ते तुमच्या तोंडून ऐकू द्या."

एसटीत जुळवलेली वाक्ये देवरावला आठवेनात. तो आपल्या बोलीतच सांगू लागला.

"एक राज्य हाय जी. तिथं काही लोकायले वेशीतून आत जाताना आपली सावली काढून द्या लागते. दुसऱ्यावर पडू नये म्हणून. त्या सावल्या एका विहिरीत टाकून देतात. माणसं तशीच जगतात, मरतात. पण खाली सावल्या मरत नाहीत. त्यायनं तिथं गाव वसवलं. एक पोरगी आपल्या मेलेल्या मायची सावली आणाले खाली उतरते."

"ते समजलं मला. मग सरळ तुमच्या वस्तीचंच लिहा ना. जे भोगलं ते. लोक वाचतील."

देवरावने मान हलवली.

"छप्पन साली आमची सारी वस्ती दीक्षेले नागपूरले गेलती. माही माय, मथुराबाई, त्याच्या आधीच, उन्हाळ्यात वारली. जनमभर वेशीबाहेर उभी राह्यली थे. खरं लिहिलं त थे मेलेलीच राहीन जी. तिले वर आणाले मले दुसरी वाट नव्हती."

वामनरावांनी कागदांवरून हात फिरवला. ते म्हणाले, "मी छापतो."

देवराव बाकावरून उठलाच.

"फक्त शेवट बदला. पोरगी सावल्या घेऊन वर येते आणि राजा नुसता पाहत राहतो. त्याऐवजी त्याला पश्चात्ताप होऊ द्या. त्यानं आपल्या हातानं सावल्या परत द्याव्यात. वाचणाऱ्याला बरं वाटेल."

पुस्तकावर आपले नाव कसे दिसेल, हे देवरावने कितीदा मनात पाहिले होते. आता ते हातभर अंतरावर होते. तरी त्याने विचारले.

"त्याची होती काय जी, त्यानं द्याले?"

"अहो, एका पानासाठी पुस्तक घालवाल?"

"मायनं कोनापाशी काही मागितलं नाही. आता मी तिले मागाले कसं लावू?"

त्याने कागद फडक्यात बांधले. वामनराव दारापर्यंत आले. "विचार करा," एवढेच म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून देवरावला जास्तच जड गेले.

घरी बायको, तुळसाबाई, चुलीपुढे होती.

"कधी छापून राह्यले?"

"नाही छापत."

"काहून?"

त्याने सगळे सांगितले. तव्यावरची भाकर तिने उलटली. "छापलं असतं तरी मले कुठं वाचता येते? आमाले वाचून दाखवा."

पुढच्या रविवारी दुपारी वस्तीतल्या निंबाखाली चटया पसरल्या. पाळी नसलेले कामगार आले, बाया आल्या. पुढे सुखीबाई बसली होती. मथुराबाईच्या जोडीने तिने उभा जन्म गवताचे भारे वाहिले होते. देवराव वाचत गेला. सुरुवातीला पोरे हसली, मग तीही गप्प झाली.

पोरगी मायचा हात धरून विहिरीच्या काठाशी आली, तिथे देवराव थांबला. पुढची ओळ त्याला वाचता येईना.

सुखीबाईने लुगडे सावरले, गुडघे जवळ घेतले आणि ती जराशी बाजूला सरकली. चटईवर तिच्या शेजारी आणखी एका बाईपुरती जागा झाली.