दहापैकी सहा: एका चाचणीच्या डबीची हकिकत

मी एक जुनी चाचणीची डबी आहे. साबणाच्या वडीएवढी, करड्या रंगाची, कमरपट्ट्याला अडकवायची. प्रत्येक रोग्यासाठी मला केसासारखी बारीक नवी तार जोडतात. डॉक्टर तिचे दुसरे टोक माकडहाडाच्या वर, आतल्या मज्जातंतूपाशी नेऊन ठेवतात आणि मी तिथे विजेच्या हलक्या टिचक्या मारते. ओटीपोटात वर्षानुवर्षे ठाण मांडलेले दुखणे त्याने कधीकधी निवते. सगळ्यांचे नाही. म्हणून आधी एक आठवडा माझ्याविना आणि दोन आठवडे माझ्यासह काढायचे, आणि रोज वहीत दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. ते निम्म्यावर आले, तरच माझी धाकटी बहीण कायमची कातडीखाली बसवतात.

मित्रांनो, या कामात माणसांबद्दलचे माझे मत काही सुधारले नाही.

नेदरलँड्सच्या फ्रीस्लंड प्रांतातल्या स्नेक गावच्या रिन्स्केबाईंचेच पाहा. त्या शाळेत शिकवत. या दुखण्यामुळे सहा वर्षे त्यांना सायकलच्या सीटवर बसता येत नव्हते, आणि त्या मुलखात सायकल सुटली म्हणजे पायच गेले. एका डॉक्टरने त्यांना सांगितले, "रिपोर्टमध्ये काही नाही. जरा मन रमवा." रिपोर्टमध्ये नाही म्हणजे दुखतच नाही, असे मानणाऱ्याला मी डॉक्टर म्हणत नाही. तो कागद वाचणारा कारकून.

मी त्यांच्या कमरेला लागल्यावर बाउक्या आत्या घरी आल्या.

"हे काय लावलंयस? गॅरेजचं दार उघडतं का यानं?"

"दुखण्यासाठी आहे, आत्या."

"माझ्या वाढदिवसाला सगळे गोल करून खुर्च्यांवर बसले आणि तू तेवढी खिडकीशी उभी. लोक विचारत होते, पहारा कशाचा आहे म्हणून."

रिन्स्केबाईंनी आत्यांना दुसरी कॉफी दिली. याला त्या लोकांत चांगले वळण म्हणतात.

दोन आठवड्यांनी वही उघडली. आधी सहा, आता चार. डॉक्टर म्हणाले, "निम्म्यावर नाही आलं. गुरुवारी तार काढू." आणि बाई म्हणाल्या, "बरं." पुन्हा जन्मभर उभे राहायचे, आणि तोंडातून एवढाच शब्द! मला त्यांची शिसारी आली.

पण परिचारिका हिल्के वही वाचत राहिली.

"बाई, आत्यांच्या वाढदिवसाला तीन तास उभ्या होतात. केकसुद्धा उभ्यानं खाल्लात. आणि त्याला गुण सहा?"

"सहन होत होतं."

"मग दहा कशाला देणार?"

"दहा देत नसतात. दहा देवाचे, नऊ मास्तरांचे. इतरांनी सहा-सातात समाधान मानावं."

"शाळेत मला तुम्ही भूगोलात सात दिले होते. सगळी उत्तरं बरोबर होती."

"अक्षर वाईट होतं."

हिल्के वही घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली. गुरुवारी तार निघाली नाही. आठवडाभर मला बंद ठेवले, मग पुन्हा सुरू केले. या वेळी गुण नाहीत. लाकडी खुर्चीवर किती मिनिटे बसता येते, एवढेच घड्याळ लावून लिहायचे. मी बंद असताना चार मिनिटे. सुरू असताना पन्नास.

माझी धाकटी बहीण त्यांना मिळाली. मी पुढे जुनी ठरले आणि सुकलेल्या पेनांच्या खणात जाऊन पडले. माझ्याशिवाय कुणाचे अडत नाही, हेही माणसांचे वळणच.

मित्रांनो, दुखणे लपवणे म्हणजे शौर्य नव्हे. तो नुसता हट्ट आहे, आणि त्याची शिक्षा आपल्यालाच होते. दुखेल तेव्हा खरे सांगा. दुसऱ्याचे दुखत असेल, तर "किती?" एवढेच विचारून थांबू नका. "त्यामुळे तुला काय करता येत नाही?" असे विचारा.

पुढल्या वसंतात रिन्स्केबाई तपासणीला सायकलवरून आल्या आणि खुर्चीवर आरामात टेकल्या. हिल्केने खण उघडून मला टेबलावर ठेवले.

"द्या हिला गुण."

बाईंनी मला उलटसुलट करून पाहिले.

"आठ."

फक्त आठ! कंजूष बाई. मी तशीच धुसफुसत पडले होते, तेवढ्यात माझे लक्ष हिल्केकडे गेले. तिचा चेहरा पडला होता. भूगोलात तिला सातच होते.