राग काढून घेणारी गोळी

शालिग्राम. घ्या, घेतलं नवऱ्याचं नाव! बावीस वर्षं ‘अहो’शिवाय हाक मारली नाही, आता बोदवडच्या भर बाजारात घेईन. भीती कोणाची?

माझं तोंड आधीपासूनच तिखट. सावद्याचा चुडामण, केळीच्या बागांचा मालक, चाळिशीचा बिजवर, माझ्या सतरा वर्षांच्या सुमनला मागणी घालायला आला, तेव्हा त्याच्या माणसांना मी ओट्यावरूनच हाकललं. त्याची पहिली बायको मार खाऊन खाऊन विहिरीत गेली, हे बठ्ठ्या गावाला ठाऊक. सुमन माझ्या पाठीशी उभी होती. म्हणाली, “माय, तू आहेस तोवर मला घोर नाही.”

आठच दिवसांत शालिग्रामने जळगावहून गोळ्या आणल्या. “तुला प्रेशर आहे, म्हणून डोकं तापतं,” म्हणाला. सकाळ-संध्याकाळ स्वतः पाण्याचा पेला घेऊन यायचा. ज्या माणसाने जन्मात मला पाणी विचारलं नाही तो! मी मेली हुरळून गेले. शेजारच्या तारादेवीला सांगितलंसुद्धा, बघा, आमचे हे किती जपतात.

महिन्याभरात नाक चोंदलं, अंग जड झालं. भाजी करपली तरी बसून राहायचे. राग येईना, रडूही येईना. चुडामणची माणसं पुन्हा आली आणि मीच त्यांना चहा दिला. हळद लागली. मांडवात सुमन सारखी माझ्याकडे बघत होती. मी अक्षता टाकल्या.

पुढे अंथरुणातून उठणंच सुटलं, तेव्हा माझा भाऊ पितांबर मला जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी दंडाला पट्टा बांधला. “अक्का, प्रेशर तर उलट कमी आहे. सर्पगंधेची गोळी तुम्हाला दिली कोणी?” मग समजावून सांगितलं. मेंदूतली एक नस दुसरीला निरोप देते तो एका रसाच्या जोरावर, आणि ही गोळी त्या रसाचा साठाच रिकामा करते. प्रेशर उतरतं, पण कोणाकोणाचं मनही पार बसतं. हे आता आता कळायला लागलंय म्हणाले.

घरी येऊन शालिग्रामला विचारलं. मेल्याने मानसुद्धा खाली घातली नाही. “तू गप्प राहिलीस म्हणून कार्य पार पडलं,” म्हणाला. माझ्याच घरात, माझ्याच हातावर गोळी ठेवून मला दगा दिला हो!

आखाजीच्या सणाला सुमन माहेरी आली. गोळ्या सोडून दोन महिने झाले होते, माझा राग परत आला होता. तिच्या मनगटावर काळेनिळे वळ. मी तिला बठ्ठं सांगितलं. चुडामणची गाडी न्यायला आली तेव्हा दारात आडवी उभी राहिले, घसा फुटेस्तोवर भांडले. “पोरगी पाठवत नाही, जा!”

सुमनने माझा हात बाजूला केला.

“गोळी तुला दिली होती, माय. मला नव्हती दिली. मला बठ्ठं कळत होतं. मांडवात मी तुझा पदर धरला, तेव्हा तू काय म्हणालीस?”

तिने पिशवी उचलली.

“म्हणालीस, नीट उभी राहा.”

म्हणाले होते मी. आठवतंय मला. ती गाडीत जाऊन बसली.