मोराची तीट

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. हातमागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावायचं, हे माझं काम. आता सोलापुरात संगप्पांच्या घरी खुंटीवर लटकतो आणि जळफळतो.

संगप्पा चादरीवर मोर विणायचे, एकेक सूत बोटांनी उचलून. मोर रंगात आला की त्यांची बायको सावित्रम्मा म्हणायची, दृष्ट लागेल. ती बोट ठेवेल तिथे संगप्पा काळ्या सुताचा ठिपका घालायचे. कधी पंखात, कधी पायाशी. बाळाला लावतात ना, तशी तीट! ते काळं सूत माझ्याच पोटात असायचं आणि मला त्याचा भारी तोरा होता. दुकानदार चन्नवीरशेठ ठिपका दाखवूनच गिऱ्हाइकाला सांगायचे, हा संगप्पांचा मोर.

मग एका कारखान्याने आमची एक चादर नेली आणि तिच्यावरून यंत्रमागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. पुठ्ठ्याला कळतं ते एवढंच. यंत्रमागावर धडाधड मोर निघू लागले. नक्कल करणाऱ्यांची अक्कल बघा, त्यांनी तीटही उचलली! हरेक मोराला मानेखाली, हटकून तिथेच. चन्नवीरशेठांचं दुकानही त्याच मोरांनी भरलं.

त्र्याहत्तरच्या दिवाळीत संगप्पा नवी चादर घेऊन दुकानात गेले. ती खपली तरच आमचा माग चालणार होता. ते चादर तशीच घेऊन परतले. सावित्रम्माला म्हणाले, "शेठ म्हनले, खऱ्या मोराला तीट मानेखाली असती की. तुझी पायाशी हाय, ही नक्कल."

माग सरपणात गेला. संगप्पा त्याच कारखान्यात लागले. मी उरलो, कारण सावित्रम्माने मला चुलीत घालू दिलं नाही.

पुढे लेकीला मूल झालं. संगप्पांनी बाळासाठी कारखान्यातली चादर आणली. सावित्रम्मा त्या ठिपक्याकडे बघतच राहिली.

"हितं कुनाचं बोट लागलंय ओ?" तिने विचारलं. "ही तीट न्हाय. ह्यो डाग हाय."

तिने सुई घेतली आणि ते काळं सूत उसवून काढलं. मोराच्या मानेखाली भोक राहिलं. त्यावरच तिने बाळाला निजवलं आणि गालाला काजळाचं बोट लावलं.

मित्रांनो, खरं-खोटं नुसता ठिपका बघून ठरवू नका. बोट कुणाचं, ते विचारा. आणि माझ्याकडे बघून हळहळूही नका. हळहळीने पोट भरत नाही माझं. जमलं तर सूत भरा.