साहेबाला पाचपर्यंत उठायचं नव्हतं

कुणाच्या दारात गेलं की आधी घरच्या मोठ्या माणसाशी बोलावं, एवढी साधी रीत पालिकेच्या त्या साहेबाला नव्हती. शिलाईच्या दुकानात शिरला तो कात्रीबाईंच्या खुर्चीच्या चाकांकडे बघत, आणि बोलायला लागला मशीनवर बसलेल्या त्यांच्या सुनेशी.

"ह्यांना तुम्ही सकाळी किती वाजता उठवता?"

"त्याच आम्हाला उठवतात," सून दाताने धागा तोडत म्हणाली. "पाच वाजता. कधीकधी उगाचच."

कात्रीबाईंनी कापडावरची नजर काढली नाही. हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. ते हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं त्या चाकांच्या खुर्चीत बसून कापड बेतत होत्या, आणि अजून कुणाची बाही आखूड झाली नव्हती. आता मात्र दुकानापुढचा सिमेंटचा उतार फुटपाथवर हातभर येतो म्हणून तो उद्या सकाळी दहाला फोडायचा हुकूम निघाला होता. उतार गेला की दाराशी दोन पायऱ्या. म्हणजे कात्रीबाई आत असल्या तर आतच, बाहेर असल्या तर बाहेरच. हुकूम थांबवायला ह्याच साहेबाची सही आणि शिक्का हवा होता.

"सही करणारच आहे," साहेब म्हणाला. "पण वरून पत्रक आलंय, आधी समजून घ्या म्हणून. अकरा ते पाच व्हीलचेअरवर बसायचं, मध्ये उठायचं नाही, अनुभव लिहायचे. त्याशिवाय सही कच्ची धरतात."

"आणि फोडायचा हुकूम काढताना कसला अनुभव घेतला होता?"

"त्याला लागत नाही."

कोपऱ्यात इस्त्रीचे गठ्ठे ठेवायला कात्रीबाईंची एक जुनी चाकांची खुर्ची होती. गठ्ठे उतरवले, साहेब चढवला.

पहिल्या तासात त्याने लिहिलं: चाक फिरते. दुसऱ्या तासात तो टेबल आणि भिंतीच्या मध्ये अडकला, तेवढ्यात कात्रीबाईंनी सहा सदरे बेतले. मग त्यांच्या तोंडाकडे बघून त्याने लिहिलं: खिन्नता.

"कुणाची?"

"तुमची, आजी."

"मी बाही बेततेय. बाही बेतताना दात काढून बसू?"

चार वाजले तशी कात्रीबाईंनी टेप गळ्यातून काढली. "पुरे झाला अनुभव. चला तुमच्या कचेरीत, शिक्का तिथे आहे."

दोन खुर्च्या निघाल्या. चौकात एका सज्जनाने न विचारता साहेबाला ढकलत रस्त्यापलीकडे नेलं आणि समाधानाने हात झटकून निघून गेला. साहेबाला परत यायला बारा मिनिटं लागली. एका बाईने त्याच्या मांडीवर केळं ठेवून डोळे पुसले. साहेबाने केळंही लिहून घेतलं.

कचेरीला तीन पायऱ्या. वर पहारेकरी. आठ वर्षं रोज सकाळी ह्याच साहेबाला सलाम ठोकणारा. त्याने दोन्ही खुर्च्यांच्या मधल्या हवेला विचारलं, "ह्यांच्याबरोबर कोण आहे?"

"अरे, मी आहे! साहेब!"

"साहेब खुर्चीवाल्यांचा अनुभव घ्यायला गेलेत. उद्या या."

"माझ्या तोंडाकडे तर बघ!"

पहारेकऱ्याने अदबीने मान वळवली. "अशा लोकांकडे टक लावून बघू नये, असं साहेबांनीच लिहून लावलंय."

गडबड ऐकून हेडक्लार्क बाहेर आला. "साहेब असते तर तुम्हाला उचलून आत नेलं असतं हो," तो चाकांना म्हणाला. "फार हळवा माणूस." आणि आत गेला.

"उठा," कात्रीबाई म्हणाल्या. "तीन पायऱ्या आहेत. शिक्का घेऊन या."

"वीस मिनिटं राहिलीत, आजी. आत्ता उठलो तर अनुभव मोडेल."

"अहो, पाय आहेत तुम्हाला!"

"ते पाचनंतर."

कात्रीबाईंनी आयुष्यात कुणाची विनवणी केली नव्हती. आज करत होत्या, आणि तीही एवढीच, की बाबा, तुझ्याच पायांनी तुझ्याच कचेरीत जा. साहेब घड्याळाकडे बघत बसला.

पाच वाजले. शटर खाली आलं, हेडक्लार्क चाव्या घेऊन स्कूटरवरून गेला. साहेब उठून उभा राहिला.

पहारेकऱ्याने खाडकन सलाम ठोकला. "साहेब! कधी आलात?"

साहेबाचे डोळे भरून आले होते. "आजी, आज मला सगळं समजलं."

"शिक्का?"

"तो आत आहे. कचेरी उद्या अकराला उघडेल."

"आणि घणवाले दहाला येतील. फोन करून थांबवता येतात का?"

"तोंडी ऐकत नाहीत. शिक्का लागतो."

कात्रीबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग बोलल्या, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

"ऐक. तुला काही समजलेलं नाही, तू नुसता बसून उठलास. उद्या साडेनऊला ह्याच खुर्चीत माझ्या उतारावर येऊन बसायचं. घणवाले आले की ओरड, मीच साहेब म्हणून. ओळखणार कुणी नाही, पण खुर्चीतल्या माणसावर घण घालायला त्यांचा हात धजायचा नाही. अकरानंतर तुझा क्लार्क शिक्का तिथे घेऊन येईल. आणि ह्या खेपेला पाचबिच काही नाही, सहीची शाई वाळेपर्यंत तू उठायचं नाहीस."