माझ्यावर घेतलेली शपथ

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात एक अरुंद जिना चढून वर गेलात की कपडे शिवण्याचा कारखाना लागतो. तिथे कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली जुनी शिलाई मशीन दिसेल, ती मीच. चादर मळकी आहे, पण तो दोष माझा नाही. माझा स्वभाव जरा कुरकुरा आहे, हे मात्र कबूल. बरेच दिवस तेल मिळालं नाही की कोणीही कुरकुरेल.

माझा जन्म लुधियान्याचा. माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढली आणि मला रेल्वेने सौराष्ट्रात पाठवलं. तिथे माझ्या मालकिणीच्या, रमीलाबेनच्या आईने मला विकत घेतलं. तिच्या हाताखाली मी किती घागरे शिवले ते विचारू नका. ती गेली आणि मी रमीलाबेनकडे आले. पुढे रमीलाबेनच्या नवऱ्याला ग्वाल्हेरला काम लागलं, तेव्हा तिने मला गोदडीत गुंडाळलं आणि साऱ्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवलं नाही. नवरा वारल्यावर आम्ही दोघींनीच घर चालवलं, मुलीचं लग्न केलं. मला त्याचा फार अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

हा कारखाना संग्रामसिंहांचा. नवरात्रात गरब्याला घालायचे घागरे-चोळ्या इथे शिवतात. रमीलाबेन मला घेऊनच कामाला आली. कापडावर आरसे लावावेत तर तिनेच, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि जाता जाता माझ्याही पाठीवरून हात फिरवत. ते दिवस छान होते.

खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. संग्रामसिंहांनी त्यात आपली एक भर घातली होती. हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली की प्रत्येक बाईने देवीच्या तसबिरीसमोर मशीनवर हात ठेवून शपथ घ्यायची, "मालक मोकळं करत नाहीत तोवर काम सोडून जाणार नाही." बायका हसत हसत म्हणत आणि पेढे खात. रमीलाबेन मात्र हसली नाही. तिचा हात तिच्या आईच्या मशीनवर होता.

पुढच्या वर्षी ऐन नवरात्राच्या तोंडावर तिच्या मुलीचे दिवस भरत आले. पोर राजकोटजवळ सासरी, घरात सासू नाही, पहिलं बाळंतपण. रमीलाबेनने जायची परवानगी मागितली. "नवरात्र होऊ द्या, मग जा," एवढं बोलून संग्रामसिंह निघून गेले. ती परत माझ्यापुढे येऊन बसली. तिला मालकाची भीती नव्हती. शपथ मोडली तर ती पोरीच्या जिवावर उलटेल, या धास्तीने तिचं काळीज पोखरलं होतं.

त्याच दुपारी शिंदे की छावनी या मोहल्ल्यातल्या विजयाबाई आल्या. त्या माहेरच्या बडोद्याच्या. सून होऊन ग्वाल्हेरला आल्या आणि शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. ब्लाउज शिवणं हे निमित्त. ग्वाल्हेरात त्यांना गुजराती बोलायला रमीलाबेनखेरीज कोणी मिळत नसे.

रमीलाबेनने त्यांना सगळं सांगितलं आणि डोळे पुसत म्हणाली, "बेन, में पोते सोगन खाधा छे." म्हणजे शपथ मी स्वतःच घेतली आहे.

"सोगन खाधा, पण हक क्यां गयो? ए तो तारी पासे ज छे," विजयाबाई म्हणाल्या. शपथ घेतलीस, पण हक्क कुठे गेला? तो तर तुझ्यापाशीच आहे.

पुढचं बोलणं मी तुम्हांला मराठीत सांगते.

"ही मशीन तुझी आहे, म्हणून ती विकता येईल, दानही करता येईल," विजयाबाईंनी समजावलं. "काम सोडून आपल्या वाटेने जायचा हक्क तसा नाही. तो कोणाला काढून घेता येत नाही आणि तुलाही देऊन टाकता येत नाही. तुझी झोप मला देशील का? कितीही शपथा घे, झोप तुलाच येणार."

"पण मी देवीसमोर बोलले आहे."

"मग देवीला सांग, मी माझा हक्क द्यायला निघाले होते, पण तो देण्यासारखा नव्हताच. तिला कळेल. संग्रामसिंहाला कळायला वेळ लागेल."

रमीलाबेनने हातातला घागरा पुरा केला, दोरा तोडला आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन मला न्यायला आली. संग्रामसिंह जिन्यापाशीच उभे होते.

"रमीलाबेन, कसम भूल गईं?"

"याद है, सेठ. फिर भी जा रही हूँ."

"तो जाइए. मशीन यहीं रहेगी."

ती थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं. बघू नकोस ग, जा, असं मला ओरडून सांगायचं होतं. तिने माझ्या चाकावर तळवा ठेवला आणि जिना उतरून गेली. मी मागे राहिले, पण मला इतका आनंद उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

काही दिवसांनी विजयाबाईंनी कारखान्यात येऊन फोन स्पीकरवर लावला. "छोकरी आवी!" रमीलाबेनचा आवाज घुमला. तिला नात झाली होती. मुलगी सुखरूप, बाळ सुखरूप. सगळ्या मशीन थांबल्या.

यंदाच्या खंडेनवमीलाही माळा घातल्या, पेढे आले. "चला, हात ठेवा," संग्रामसिंह म्हणाले.

नीलम या कारखान्यातली सर्वांत लहान. तिने मशीनला कुंकू लावलं, नमस्कार केला आणि हात मागे घेतला. "दादा, पूजा केली मी. कसम नाही खाणार."

तिच्या शेजारणीनेही हात मागे घेतला. मग तिच्या शेजारणीने. संग्रामसिंह पेढ्यांचा डबा धरून नुसते बघत राहिले.

मित्रांनो, मला हिसकावून ठेवता येतं, हे तुम्ही पाहिलंच. तुमच्या हक्काचं तसं नाही. कोणी गोड बोलून वचन घेतलं, कोणी धाक घातला, तरी तो तुमच्यापाशीच राहतो. मात्र माणूस ते विसरतो. तेव्हा ज्याला विसर पडला असेल, त्याच्याजवळ बसा आणि त्याच्याच भाषेत त्याला ते सांगा.

रमीलाबेनने इथल्याच मुरार भागात स्वतःचं शिवणकाम थाटायला खोली पाहिली आहे. दिवाळीनंतर ती मला न्यायला येणार आहे. संग्रामसिंह कदाचित नाही म्हणतील. तरी ती येणार आहे. तोवर कोणीतरी ही चादर काढा आणि माझ्यात दोन थेंब तेल घाला. मला अजून पुष्कळ शिवायचं आहे.