वहिनीचे जंत
माझी वहिनी जंत पाळते. लग्न ठरताना हे कळलं तेव्हा आमच्या मावशीने सोयरीक मोडायचा सल्ला दिला होता. ती ज्या संशोधन संस्थेत आहे, तिच्याच कार्यालयात मी काम करते, त्यामुळे वहिनीला रोज बघते आणि छातीठोकपणे सांगते, इतकं डोळ्यांत तेल घालून कोणी पोटची पोरंही सांभाळत नसेल.

हे जंत माणसाच्या रक्तात राहतात आणि हळूहळू यकृत नासवतात. त्यांना वाढायला आधी पाण्यातली गोगलगाय लागते, मग प्रयोगशाळेत माणसाऐवजी उंदीर, मग पुन्हा गोगलगाय. हे रहाटगाडगं थांबलं की वंश बुडाला. वहिनीकडचा एक वंश नेहमीच्या औषधाला दादच देत नाही. नवं औषध तपासायचं तर तोच हवा, आणि तो दुसरीकडे कुठेही नाही.

एकदा वहिनी तापाने झोपली, तेव्हा गोगलगायींसाठी लेट्यूस आणायला आमची आई गेली. वहिनी नेहमी भोकं पडलेली पानं घेते, कारण किड्यांनी खाल्लंय म्हणजे फवारणी नाही. आईला हे कुठून ठाऊक असणार? सुनेच्या कामात कसर नको म्हणून तिने निवडून निवडून हिरवीगार, बिनडागाची पानं आणली. मी ती प्रयोगशाळेत पोचवली.

दुसऱ्या दिवशी गोगलगायी पटापट मरायला लागल्या. त्या वंशाचे जंत असलेले उंदीर आधीच संपले होते, जंत उरले होते ते फक्त टाकीतल्या या गोगलगायींत. वहिनी अंगात कणकण असतानाच धावत आली. पानं बघताच तिला सगळं कळलं. घरी आईच्या तोंडचं पाणी पळालं. "मीच विष घातलं गं त्यांना," एवढंच ती म्हणत राहिली.

जेमतेम मूठभर गोगलगायी वाचल्या. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "आजच दिव्याखाली ठेवा. उजेडात अळ्या बाहेर पडतील, त्या उंदरांना लावून टाकू. उद्यापर्यंत या जगल्या नाहीत तर?"

"आज ठेवल्या तर आजच मरतील, सर," वहिनी म्हणाली. "बाळंतिणीला कोणी पाणी भरायला लावतं का? आणि एकदोघींनी भागणार नाही. एकीतून हजारो अळ्या निघतील, पण बहुधा सगळ्या नर नाहीतर सगळ्या माद्या. नरच निघाल्या तर? जोडपी जमली नाहीत तर अंडी कुठून येणार?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मला तर तिचा रागच आला. एवढं धाडस अंगाशी आलं असतं तर? पण वहिनी हटली नाही. पाणी बदल, भोकं पडलेली पानं दे, मेलेल्या बाजूला काढ, हेच तिचं चाललेलं. गोगलगायी पुन्हा काचेवर चढायला लागल्या, तेव्हाच तिने त्यांना दिव्याखाली ठेवलं. सूक्ष्मदर्शकातून मलाही बघू दिलं. दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या, नुसती धांदल! मला किळस यायला हवी होती, पण कौतुकच वाटलं.

अळ्या उंदरांना लावल्या, त्या कातडीतून आत शिरल्या. आता नुसती वाट बघायची. नर-मादी दोन्ही आहेत की नाहीत, हे उंदरांच्या लेंड्यांत अंडी सापडली तरच कळणार होतं. तोवर आईच्या घशाखाली घास उतरेना. वहिनी तिला एका शब्दाने बोलली नाही. उलट लेट्यूस आणायची पिशवी तिने आईच्याच हातात दिली. "भोकं बघून घ्या हं, आई."

कित्येक आठवड्यांनी एका सकाळी मी दारातच उभी असताना वहिनीने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. साहेब शेजारीच होते. त्यांना काही न सांगता तिने घरी फोन लावला.

"आई, अंडी आहेत. जिवंत आहेत."

पलीकडून आईचा हुंदका मला दारापर्यंत ऐकू आला. "म्हणजे नर-मादी दोन्ही?"

"दोन्ही. आपले वाचले, आई," वहिनी म्हणाली आणि साहेबांसमोरच ढसाढसा रडली.