लहान माउथपीस

घरात धाकट्याला सगळे राजे म्हणत. नाव बापाने लाडाने ठेवलं होतं, आणि पस्तिशी उलटली तरी राजे राजेच राहिले. थोरल्या बहिणीला मात्र नुसतं ताई म्हणायचं आणि काम सांगायचं.

काम पाण्याखालचं होतं. धरणाच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या असतात, त्यांत अडकलेल्या फांद्या आणि गाळ काढायचा, बोटींचे तळ खरवडायचे, कुणाचं काही बुडालं तर वर आणायचं. पाणी बारा महिने थंडगार आणि इतकं गढूळ की हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. बाबांनी जन्म त्यातच काढला. एकदा खोलातून घाईघाईने वर आले, रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि पायांतली ताकद गमावून बसले. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची आणि ते. जिभेला मात्र काही झालं नव्हतं.

पुढे राजे पाण्यात उतरू लागले आणि ताई काठावर दोरी धरू लागली. तिला उतरता येत नव्हतं म्हणाल तर तसंही नाही. राजेंची हवेची टाकी अर्धी व्हायची तेवढ्या वेळात तिची जेमतेम पाव संपायची, इतकी ती पाण्यात निवांत असे. पण ओल्या अंगाने, दमून घरी आल्यावर बाबांना उठवायचं-बसवायचं कोणी? म्हणून ती वर, कोरडी.

उरलेल्या वेळात ती रेग्युलेटर दुरुस्त करायची. टाकीत हवा ठासून भरलेली असते. ती तोंडाला सोसेल इतक्या बेताने सोडणारं यंत्र म्हणजे रेग्युलेटर. एक भाग टाकीवर बसतो, दुसरा नळीच्या टोकाला, दातांत धरायचा. त्याचे वायसर, स्प्रिंगा, रबरी चकत्या हे ताईचं राज्य. आजूबाजूचे सगळे डायव्हर आपले रेग्युलेटर तिच्या टेबलावर आणून टाकत आणि राजेंचे आभार मानून जात.

गेल्या हंगामात एक बाई आल्या. दूर, कोमट समुद्राच्या काठी त्यांची डायव्हिंगची शाळा होती. त्यांनी ताईचं काम पाहिलं, तिला बरोबर घेऊन पाण्यात उतरल्या, आणि निघताना म्हणाल्या, "जागा झाली की फोन करते. शिकवायचं आणि दुरुस्तीचंही बघायचं. याल ना?"

ताईने आधी हो म्हटलं आणि मग घरी विचारलं. असं तिने जन्मात पहिल्यांदाच केलं होतं. घरात चार दिवस तोंडं वाकडी झाली, पण शेवटी ठरलं. फोन आला की ताई जाणार, बाबांसाठी माणूस ठेवायचा, इथलं काम राजे बघणार. "किती वर्षं केलंस आमचं. आता तुझी पाळी," असं राजे सगळ्यांसमोर म्हणाले होते. वर्कशॉपचा फोन त्यांच्याच खिशात असे. ताई रोज विचारायची, आणि रोज उत्तर यायचं, "नाही गं आला."

मग एके सकाळी राजे तिच्या टेबलाशी आले. "ताई, एक नवा रेग्युलेटर घ्यायचाय. हलका हवा, पण भरवशाचा. चल दुकानात, तूच निवड."

"हलका कशाला? धरणाच्या पाण्यात हलका काय कामाचा?"

"असू दे गं. तू स्वतःसाठी घेतेयस असं समज आणि निवड." एवढं बोलून ते गालात हसले. लहानपणी पाठीमागे खाऊ लपवला की असेच हसायचे.

ताईच्या काळजात लख्ख झालं. थंड पाण्याला जाड धातूचा, वजनदार रेग्युलेटर लागतो, हे राजेंनाही पक्कं ठाऊक होतं. हलका घेतात तो बॅगेत भरून दूर न्यायला. म्हणजे फोन आला होता. म्हणजे हा वेडा आपल्याला भेट देऊन मगच सांगणार होता. इतक्या वर्षांत मनातल्या मनात त्याला दिलेल्या शिव्या तिने त्या एका क्षणात परत घेतल्या. आंघोळ करून, बरी साडी नेसून ती राजेंबरोबर दुकानात गेली, आता बोला!

दुकानदाराने काचेतून एक चकचकीत काढला. "हा घ्या. पिसासारखा."

ताईने तळहातावर तोलला. खरंच काही वजन नव्हतं. "याचे सुटे भाग?"

"मागवावे लागतात."

"म्हणजे भर समुद्रात बिघडला तर पार्सल येईपर्यंत श्वास रोखून बसायचं?"

दुकानदार खो खो हसला आणि मागच्या कपाटाकडे वळला. ताईने त्यातला एक उचलला, दिसायला अगदी साधा. आत भाग मोजके, साध्या पान्याने उघडणारा, नळी मऊ, मान वळवली तर जबडा ओढणार नाही अशी. त्याचे वायसर कुठल्याही बंदरावर मिळाले असते. टाकीकडचं तोंड बंद धरून तिने दुसऱ्या टोकाने हवा ओढून पाहिली. कुठूनही आत शिरत नव्हती. मग पुन्हा ओढून पाहिली, उगीचच. दातांत धरून डोळे मिटले तर समोर निळं पाणी, आणि त्यात स्वतःचे हात पार कोपरापर्यंत दिसत होते.

"थंड पाण्यासाठीचं झाकण बसवून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"नको!" बहीण-भाऊ एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून हसले.

घरी आल्यावर ताईने रेग्युलेटर सगळा खोलला. कारखान्याने जुळवलेलं तिला कधी पटलं नव्हतं. स्प्रिंग तिने आपल्या श्वासाला जुळवली, हळू, लांब श्वासाला. नुसते ओठ हलवले तरी हवा हजर, पण आपणहून सुटायची नाही. बादलीत बुडवून पाहिलं, पुन्हा किंचित सैल केलं. मग खणातून लहान माउथपीस काढला. दातांत धरायचा हा रबरी तुकडा आजवर तिला कायम पुरुषांच्याच मापाचा मिळालेला, त्यामुळे पाण्यातून वर आल्यावर जबडा दुखायचा. नवा बसवून तिने पट्टी आवळली. चपखल बसला.

"एवढा वेळ लागतो का त्याला?" खुर्चीतून बाबा म्हणाले.

"लागतो बाबा. चांगलं करायचं तर लागतो."

दुपारी राजे आले. त्यांनी रेग्युलेटर उचलला, तोंडात धरला आणि चेहरा वाकडा करून काढला.

"ताई, हा माउथपीस लहान लावलास गं. मोठा लाव. माझ्या दातांत हा बसत नाही."

वाक्य साधंच होतं, पण ते ताईच्या डोक्यात शिरेना. मग शिरलं.

"तुझ्या दातांत?"

राजेंनी मान खाली घातली. "परवा निघायचंय. सांगणारच होतो."

"फोन कधी आला?"

"झाले काही दिवस."

"त्यांनी माझ्याबद्दल विचारलं असेल."

"विचारलं ना. मी खरं तेच सांगितलं. बाबांना सोडून तुला कुठे येता येणार? मग त्यांनाही माणूस हवाच होता. जागा हातची घालवायची का?"

"आणि दुरुस्ती? तुला साधा वायसर बदलता येत नाही!"

"शिकेन की. अडलं तर फोन करेन तुला."

खरोखर असं म्हणाला तो. फोन करेन. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वतःसाठी निवड म्हणालास ना रे?"

"तू चांगला निवडावास म्हणून म्हटलं. माझ्यासाठी म्हटलं असतं तर पहिला दिसला तो उचलला असतास," राजे हसत म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. हा घाव जास्त खोल गेला.

"लाव की मोठा," बाहेर बघतच बाबा म्हणाले. "त्याचा जबडा पहिल्यापासून मोठा आहे. लेकरू परमुलखात चाललंय, चिडून कशाला पाठवतेस? आणि सोमवारी जाळीचं काम घेतलंय. वर दोरी धरायला बोटवाला येतो म्हणालाय. तू उतर. याचा जुना आहेच."

म्हणजे तिची सोयही लावून झाली होती.

राजे बॅग भरायला आत गेले. ताईने पक्कड घेतली, पट्टी तोडली, लहान माउथपीस काढून बाजूला ठेवला. मोठा बसवला. स्प्रिंगची जुळणीही बदलायला हवी होती. राजे धापा टाकत, ओरबाडून श्वास घेत. त्यांच्या तोंडी ही जुळणी राहिली तर पाण्याच्या नुसत्या धक्क्याने हवा सुटत राहिली असती आणि टाकी रिकामी झाली असती. स्प्रिंगचा स्क्रू तसाच ठेवला तर कुणाला कळलं नसतं. तिचा हात थांबला, बराच वेळ. मग तिने स्क्रू फिरवला, राजेंच्या श्वासाला बरोबर जुळेल इतका, आणि बादलीत बुडवून पाहिलं. स्वतःच्या हातांचा तिला इतका राग कधी आला नव्हता. त्यांना वाईट काम करता येत नव्हतं, आणि घरात सगळ्यांनी तेच तर वापरलं होतं.

राजेंनी रेग्युलेटर तोंडात धरून पाहिला, मान डोलावली. "झकास! तुझ्यासारखा हात कुणाचा नाही, ताई."

तिसऱ्या दिवशी ते गेले. बाबांचे डोळे भरून आले, त्यांना पाणी देऊन ताई टेबलाशी बसली. खिळ्याला राजेंचा जुना रेग्युलेटर लटकत होता, पितळेचं धूड, माउथपीस चावून चावून चिंधी झालेला. तिने ती चिंधी काढून टाकली आणि बाजूला ठेवलेला लहान माउथपीस त्याला बसवला.

मग तो दातांत धरून तिने श्वास ओढला. जड होता, सगळा जबडा खाली ओढत होता. माउथपीस मात्र चपखल बसला होता.

"चालतोय का?" बाबांनी विचारलं.

तिने तोंडातून न काढताच मान हलवली. चालत होता.